एकदम नाही, टप्प्याटप्प्याने! धंद्याची फोर बाय फोर गाडी कमी पैशात कशी तयार करायची?



मागच्या व्हिडिओत आपण धंद्यासाठी जुनी गाडी घेताना काय बघायचं ते पाहिलं. आज पुढचा विषय. गाडी घेतली, आता तिला चिखलात, पाणंदीत, डोंगरात चालण्यालायक करायचं आहे. पैसा मोजका आहे. मग सुरुवात कुठून करायची?

आधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. माझं दुकान गाड्यांच्या सामानाचं आहे. तुम्ही एकाच दिवशी मोठे टायर, बंपर, विंच, लाइट सगळं घेतलं तर माझा गल्ला भरतो. तरीसुद्धा मी सांगणार आहे की असं करू नका. कारण ज्याचा धंदा सहा महिन्यांत बसतो, तो सातव्या महिन्यात कुणाच्याच दुकानात येत नाही.

हा लेख हौसेच्या गाडीबद्दल नाही. हौसेला हिशोब नसतो आणि नसावाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांची गाडी कमावते: सोलर पंप बसवणारे, ठिबकवाले, बोअरच्या मोटारी काढणारे, दूध गोळा करणारे, शेतीऔषधं पोहोचवणारे.

आपल्याकडे या गाडीची गरज का वाढली?

२०२४ पासून राज्यात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू आहे. महावितरण ती राबवतं. शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के, बाकी अनुदान. ३, ५ आणि साडेसात एचपीचे पंप. पाच वर्षं दुरुस्तीची हमी. आता विचार करा, पंप कुठे बसतो? डांबरी रस्त्याच्या कडेला नाही. तो बसतो विहिरीवर, शेताच्या आतल्या टोकाला. आणि हमी आहे म्हणजे कुणीतरी पाच वर्षं तिथपर्यंत जाणार आहे. ते ‘कुणीतरी’ म्हणजे आपल्यातलीच पोरं आहेत.

तुळजापूर-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाल्यापासून शहरातून शहरात जाणं सोपं झालं. पण धंदा अडतो तो शेवटच्या दोन किलोमीटरला. पाणंद रस्ता, शिवरस्ता, फरशी पूल, आणि मग धुऱ्यावरून आत.

आधी माती ओळखा, मग सामान

नांदेड आणि लातूर शेजारी असले तरी गाडीच्या दृष्टीने सगळीकडे एकच जमीन नाही.

निलंगा, औसा, देवणी, उदगीर, इकडे बिलोली-देगलूर: भारी काळी जमीन. या मातीतली चिकणमाती पाणी धरते आणि फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. पावसात ती चाकाच्या खाचांत भरते. एकदा खाच भरली की टायर कितीही महाग असला तरी तो गुळगुळीत रबरासारखाच वागतो. गाडी फसते ती बहुतेक याच कारणाने.

किनवट-माहूर पट्टा: डोंगर, दगड, चढ-उतार, ओढे. इथे चिखलापेक्षा दगडाची भीती जास्त. खालून ऑइल चेंबरला दगड लागणं, टायरची बाजू फाटणं हे नुकसान इथलं. शिवाय इकडे जंगलाची हद्द आहे. पैनगंगा अभयारण्याच्या भागात वाट दिसली म्हणून गाडी आत घालायची नाही.

लातूरच्या बालाघाटाच्या बाजूला, अहमदपूर-चाकूरकडे, दोन्हीचं मिश्रण. वर मुरमाड, खाली काळी.

म्हणजे काय, निलंग्याच्या पोराची यादी आणि किनवटच्या पोराची यादी एक असूच शकत नाही. मोबाइलवर बघितलेली राजस्थानच्या वाळूतली किंवा लडाखच्या घाटातली गाडी कॉपी केली तर पैसा भलतीकडेच जातो.

फुकटचा टप्पा: वाफसा

सगळ्यात स्वस्त अपग्रेड दुकानात मिळत नाही. शेतकऱ्याला वाफसा कळतो. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी रानात औत घालता येईल हे तो बघूनच सांगतो. तुम्ही निघायच्या आधी एक फोन करा: “दादा, वाफसा आला का? गाडी कुठपर्यंत येईल?” दोन मिनिटांचा फोन आहे. काळ्या रानात एक-दोन दिवस थांबल्याने जे होतं, ते तीस हजारांच्या टायरने होत नाही.

दुसरं, प्रत्येक कामाला गाडी शेतात न्यायची गरज आहे का? कंट्रोलर तपासायचा असेल तर गाडी डांबरावर लावा, बॅग पाठीवर घ्या, एक किलोमीटर चाला. पॅनलचं स्ट्रक्चर न्यायचं असेल तेव्हाच गाडी आत. कामाची अशी वाटणी केली की फसण्याचे निम्मे प्रसंग येतच नाहीत. आणि हो, ओल्या पाणंदीत गाडी घालून खोल चाकोऱ्या पाडल्या की गाव तुमच्यावर नाराज होतं. नाराज गाव म्हणजे गेलेले ग्राहक.

गाडीची वही

आता मुद्द्याची गोष्ट. शंभर पानी वही घ्या, डॅशबोर्डवर ठेवा. गाडी अडली की पाच गोष्टी लिहा:

१. तारीख आणि गाव
२. कशामुळे अडली? (टायर घसरला, खालून टेकली, पाणी, दगड, बिघाड)
३. किती तास गेले?
४. खिशातून किती गेले? (ट्रॅक्टर, मजुरी)
५. कुठलं काम बुडालं?

एक पावसाळा ही वही लिहा. पुढचे सगळे निर्णय ती वही घेईल. गाडी ज्या कारणाने थांबते, पैसा त्याच कारणावर जाईल. वहीत ‘खालून टेकली’ एकदाही नसेल तर गाडी उचलायचे पाटे कशाला? वहीत ‘रात्री दिसलं नाही’ नसेल तर छतावरची लाइटची पट्टी कशाला?

चला, हिशोब करू

आकडे समजण्यासाठी घेतोय. तुमच्या गावचे भाव घालून तुम्ही परत करा. पद्धत महत्त्वाची.

समजा तुमच्याकडे जुनी बोलेरो कॅम्पर फोर व्हील ड्राइव्ह आहे. पावसाळ्याचे चार महिने, महिन्याला तीनदा गाडी फसते. म्हणजे वर्षाला १२ वेळा. एका वेळेचं नुकसान:

– ट्रॅक्टरने ओढून काढणं: १,००० रुपये
– दोन माणसांचा अर्धा दिवस: ८०० रुपये
– बुडालेलं पुढचं काम: १,२०० रुपये

एकूण ३,००० रुपये. बारा वेळा म्हणजे वर्षाला ३६,००० रुपये.

आता तुमच्या डोक्यात असलेली पूर्ण यादी लिहू:

– पूर्ण सर्व्हिसिंग आणि दुरुस्ती: २५,०००
– फसलेली गाडी काढायचं किट आणि हवेचा कंप्रेसर: १३,०००
– चार ऑल टेरेन टायर: ३६,०००
– खालची संरक्षक प्लेट: १४,०००
– पाटे आणि शॉकअप: ३०,०००
– विंच: ५५,०००

बेरीज १,७३,०००. मित्र म्हणतो, “कर्ज काढ, एकदाच करून टाक.” ठीक आहे, काढलं. १,७५,००० रुपये, १४ टक्के व्याज, ३६ महिने. हप्ता येतो सुमारे ५,९८० रुपये. तीन वर्षांत व्याजच ४०,००० च्या वर. आणि वर्षाचे हप्ते होतात जवळजवळ ७१,८००.

थांबा. हे परत वाचा. फसण्याने तुमचं वर्षाला नुकसान होत होतं ३६,०००. ते थांबवायला तुम्ही वर्षाला ७१,८०० भरताय. म्हणजे गाडी एकदाही फसली नाही तरी तुम्ही तोट्यात! आणि हप्ता उन्हाळ्यातही भरायचा आहे, जेव्हा चिखलच नाही.

आता तेच टप्प्याने

प्रत्येक टप्प्याला एकच प्रश्न विचारायचा: आत्ता *शिल्लक* असलेल्या नुकसानीतून हा टप्पा किती वाचवतो? इथेच बहुतेक जण फसतात. ते प्रत्येक वस्तूचा फायदा मूळच्या ३६,००० वर मोजतात. पण आधीच्या टप्प्याने जे वाचवलं ते पुढच्या टप्प्याच्या खात्यात परत धरता येत नाही.

किट घेतलं: १३,०००. आता फसलं तरी ट्रॅक्टरची वाट बघायची नाही. तासाभरात बाहेर. नुकसान ३,००० वरून १,००० वर आलं. बारा वेळा दोन-दोन हजार वाचले, म्हणजे २४,०००. एकाच पावसाळ्यात पैसे वसूल, वर ११,००० शिल्लक.

मग टायर. समजा चांगल्या टायरने १२ पैकी ८ वेळा फसणंच टळलं. आता एका वेळेचं नुकसान १,००० च आहे, म्हणून वाचले ८,०००. टायर ३६,००० चे. साडेचार पावसाळे लागतील, तोवर टायर झिजून जातील. मग घ्यायचेच नाहीत का? घ्यायचे, पण जुने झिजल्यावर. कारण झिजल्यावर साधे टायर तरी घ्यावेच लागणार होते, समजा २६,००० चे. जास्तीचा खर्च फक्त १०,०००. तो सव्वा पावसाळ्यात निघतो. तीच वस्तू, तेच दुकान. पण चांगले टायर फेकून घेतली तर तोटा, झिजल्यावर घेतली तर फायदा.

आणि विंच? आता वर्षाला चारदाच फसताय, नुकसान चार हजार. विंचने ते सगळं वाचवलं असं धरलं तरी ५५,००० वसूल व्हायला जवळजवळ १४ वर्षं. तुमच्यासाठी विंच म्हणजे शोपीस. पण ज्याचा धंदाच दुसऱ्यांच्या फसलेल्या गाड्या काढायचा आहे, त्याच्यासाठी तीच विंच पहिल्या टप्प्यात येईल. धंदा बदलला की क्रम बदलतो.

टप्पा शून्य: कंपनीची गाडी आधी कंपनीसारखी करा

जुन्या गाडीला नवीन सामान लावायच्या आधी तिचं मूळचं सगळं चालतंय का बघा. फोर बाय फोरचा लिव्हर खरंच लागतो का? ४ एच, ४ एल दोन्ही टाकून, मातीवर, चालवून बघा. क्लच, ब्रेक, स्टिअरिंगचा प्ले, कूलंटचे पाइप, बॅटरी, बॉल जॉइंट, स्टेपनी.

अ‍ॅक्सलचं ऑइल उघडून बघा. दुधासारखं पांढरट दिसलं तर आत पाणी गेलंय. हे कसं होतं? गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून किंवा छोट्या ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर, बोनेटखाली आणून ठेवली की हा त्रास कमी होतो. काम शेकड्यात, वाचवतं हजारात.

अजून एक. या गाड्यांची फोर बाय फोर कोरड्या डांबरावर लावून पळवायची नसते. पुढची-मागची चाकं वळणावर वेगळी फिरतात, ताण गिअरवर येतो. चिखल संपला, डांबर लागलं, लिव्हर परत टू व्हीलवर.

टप्पा एक: किट आणि हवा

किटमध्ये काय हवं? फावडं, चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, ओढायचा पट्टा, वजनाचा शिक्का असलेले दोन शॅकल, हातमोजे, टायरची हवा मोजायचं मीटर, कंप्रेसर. आणि जाडजूड लाकडी फळीचा तुकडा. काळ्या मातीत जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. खाली फळी असली की काम होतं. हा तुकडा सुतार फुकट देतो.

हवा समजून घ्या. हवा कमी केली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांबतो, वजन पसरतं, पकड वाढते. हलक्या गाडीला चिखलात १८ ते २० पीएसआयपर्यंत आणता येतं. गाडी भरलेली असेल तर मागचे टायर इतके खाली आणू नका. कमी हवेवर वेग सायकलसारखा ठेवा, झटक्यात वळू नका. आणि डांबरावर चढायच्या आधी हवा परत पूर्ण भरा. कमी हवेचा टायर महामार्गावर तापतो आणि फुटतो. म्हणून कंप्रेसर नसेल तर हवा काढायची नाही. साधा नियम.

ओढताना जीव सांभाळा. ट्रॉलीच्या हुकच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नका. तो तुटला तर गोळीसारखा उडतो, जगात यात माणसं मेली आहेत. बंपरला, पाट्याला साखळी बांधू नका. चॅसिसला पक्का बोल्ट केलेला हुकच वापरा. पट्ट्यावर मधोमध जाड गोणपाट टाका. बघे लोक पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभे करा. गाव जमतंच, त्यांना लांब करणं तुमचं काम.

टप्पा दोन: टायर

तीन प्रकार लक्षात ठेवा. हायवेचे टायर: डांबरावर शांत, चिखलात निरुपयोगी. ऑल टेरेन: दोन्हीकडे बऱ्यापैकी. मड टेरेन: मोठ्या खाचा, फिरताना चिखल बाहेर फेकतात, पण डांबरावर आवाज, ओल्या डांबरावर पकड कमी, डिझेल जास्त. तुमच्या दिवसाच्या १०० किलोमीटरपैकी ९५ डांबर असेल तर ऑल टेरेन पुरे.

मोठा टायर लावू का? हा प्रश्न रोज येतो. बोलेरोला मूळ टायर २१५/७५ आर १५. त्याचा व्यास ७०३.५ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ लावला तर व्यास ७३३.५ मिमी. फरक ३० मिमी. पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मीच, १५ मिमी. बोटाच्या जाडीएवढी! बदल्यात काय मिळतं? स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल, पिकअप मंदावेल, क्लच आणि ब्रेकवर ताण वाढेल. म्हणून माझा सल्ला: साइज तीच, नक्षी बदला.

टायर घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सवलतीत मिळणारा टायर कधी कधी गोदामात म्हातारा झालेला असतो.

टप्पा तीन: खालचं संरक्षण

किनवट-माहूरवाल्यांनी हा टप्पा टायरच्या आधी घ्यावा. ऑइल चेंबर, ट्रान्स्फर केस आणि डिझेल टाकीखाली प्लेट. एक दगड चेंबरला लागला, ऑइल गळलं आणि तुम्ही तसंच पाच किलोमीटर चालवलं, तर इंजिन गेलं. हे नुकसान वर्षातून एकदासुद्धा परवडत नाही, म्हणून इथे सरासरीचा हिशोब चालत नाही. ज्या एका घटनेने धंदा बंद पडू शकतो, तिच्यावरचा खर्च आधी करायचा. निलंगा-औशाच्या सपाट काळ्या रानात मात्र हा टप्पा वर्षभर थांबला तरी चालतो.

टप्पा चार: पाटे आणि शॉकअप

वजन रोज जास्त असेल आणि मागे गाडी बसत असेल तरच. एक गोष्ट पक्की समजा: पाटा वाढवला म्हणून आरसी बुकावरची वजनाची मर्यादा वाढत नाही. गाडी बसलेली दिसत नाही एवढंच. आणि गाडी उंच केली की ती वळणावर कलंडायला जास्त तयार होते. वर पॅनल, पाइप, शिडी बांधून फिरणाऱ्याने हे विसरू नये.

टप्पा पाच: विंच, जादा लाइट वगैरे

वहीने मागितलं तरच. विंच घ्यायचीच असेल तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची. लाइट हवी असेल तर आधी मूळ हेडलाइटला रिले वायरिंग करा. ६० वॅटचा बल्ब काढून १०० वॅटचा लावला की करंट ५ अँपिअरवरून आठच्या पुढे जातो. जुनी वायर तापते, काच पिवळी पडते, आणि नियमातही बसत नाही.

पाण्याबद्दल वेगळं

स्नॉर्केल लावला म्हणजे पुरातून जाता येतं, हा गैरसमज काढून टाका. स्नॉर्केल फक्त इंजिनात पाणी जाऊ देत नाही. गाडी वाहून जाणं तो थांबवत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. एका रात्रीत पाणी गावांत शिरलं. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचं. ग्राहकाचा पंप दोन दिवस बंद राहिला तर तो रागावेल. रागावू द्या.

कायदा: इथे बचत नको

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत, आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. समोरचे लोखंडी बुलबार २०१७ च्या डिसेंबरपासून केंद्राच्या सूचनेने बंद आहेत, तरी अजून विकले जातात. विकले जातात म्हणून चालतात असं नाही.

मालवाहू नोंदणीच्या गाडीला फिटनेस लागतं: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. तुमचं सुंदर काम तिथे अडलं तर काढून परत जुनं लावायचा खर्च दुप्पट. म्हणून एमएच २६ असो की एमएच २४, बदल करायच्या आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर सर्व्हेअरला न कळवलेला बदल दिसला की दावा अडकतो.

अजून दोन गोष्टी. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने माल वाहायला वापरायची नाही. आणि तुम्ही जीएसटीत असाल तर मालवाहू गाडीवर, तिच्या दुरुस्तीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळू शकतं, प्रवासी गाडीवर साधारणपणे मिळत नाही. पक्कं बिल घ्या, तुमच्या सीएला दाखवा. बिनबिलाचं सामान दोनशे रुपयांनी स्वस्त पडतं आणि नंतर महाग पडतं.

पैसा कुठून आणायचा: चिखल गल्ला

वेगळं बचत खातं उघडा. प्रत्येक कामामागे १०० रुपये त्यात. महिन्याला ४० कामं म्हणजे ४,०००. वेळापत्रक असं बसतं:

– गाडी घेताना: टप्पा शून्यचे २५,००० भांडवलातून. गाडीचा सौदा करतानाच हे पैसे किमतीतून कापून घ्या.
– फेब्रुवारी ते मे: १६,००० जमले. मृगाच्या आधी १३,००० चं किट. शिल्लक ३,०००.
– जून ते सप्टेंबर: वही भरायची. नवीन काही घ्यायचं नाही.
– दसरा-दिवाळी: सोयाबीन बाजारात जातं, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, तुमची उधारी वसूल होते. बसून वही वाचा आणि पुढचा टप्पा ठरवा.
– पुढच्या मेपर्यंत: आणखी ४८,००० जमले, एकूण ५१,०००. टायर झिजले असतील तर ३६,०००. उरले १५,०००. वहीत दगड असतील तर १४,००० ची प्लेट.

सोळा महिने. हप्ता शून्य. आणि दोन मोठ्या वस्तू कदाचित कायमच्या यादीतून गेल्या.

काम घेताना हे १०० रुपये दरात धरा. आतल्या शेतात जायला वेगळा आकार लावणं यात लाजण्यासारखं काही नाही. ग्राहकाला आधी सांगा, पावतीवर लिहा. शेतकरी स्वतः ट्रॅक्टरचं डिझेल मोजतो, त्याला हे कळतं.

हीच पद्धत गाडीपुरती नाही. पिठाची गिरणी असो, झेरॉक्सचं दुकान असो, शिवणकाम असो. धंदा कुठे अडतोय ते लिहा, अडण्याची किंमत काढा, सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त अडचण काढणारी वस्तू आधी घ्या, आणि प्रत्येक खरेदीनंतर हिशोब नव्याने मांडा. जुन्या हिशोबावर नवी खरेदी नको.

या आठवड्याचं काम

१. वही घ्या, पाच रकाने आखा.
२. मागच्या पावसाळ्यातले आठवतील तेवढे प्रसंग आजच लिहून काढा.
३. एका वेळेच्या अडण्याची किंमत काढा. ट्रॅक्टरचा भाव तुमच्या गावचाच घाला.
४. तुमची पूर्ण यादी लिहा, समोर भाव, आणि त्यासमोर ‘किती पावसाळ्यांत वसूल’ हा आकडा.
५. तीन पावसाळ्यांपेक्षा जास्त येईल ती वस्तू लाल पेनने खोडा. अपवाद एकच: ज्या घटनेने जीव जाईल किंवा धंदा बंद पडेल, तिच्यावरचा खर्च.

यादी छोटी झाली की समजा काम बरोबर चाललंय. पुढच्या व्हिडिओत आपण आतल्या शेतातल्या कामाचा दर कसा ठरवायचा ते बघू. तोपर्यंत वही भरत राहा, आणि निघायच्या आधी तो एक फोन करत जा. भेटू!